नळीची लांबी, गोळीचा वेग आणि जखमी वाघ : शिकारी-लेखक केनेथ अँडरसन

बंगळुरू : दक्षिण भारतातील नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या कथा लिहिणारे केनेथ अँडरसन यांचे नाव निघाले की वाचकाला मचाण, अंधारी रात्र आणि दूरवरून येणारी सांबराची हाक आठवते. त्यांच्या हातातल्या रायफलीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. वास्तविक, अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीची ती .४०५ बोअरची रायफल, तिची चोवीस इंची नळी आणि तिच्यातून सुटणारी बोथट, जड गोळी समजून घेतल्याशिवाय या माणसाची शिकारीची पद्धत नीट उमगत नाही. शिकारीविषयीची त्यांची बदललेली भूमिकाही त्याच धाग्याने उलगडते.

अँडरसन यांचा जन्म ८ मार्च १९१० रोजी हैदराबाद संस्थानातील सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. घराणे स्कॉटिश, पण कित्येक पिढ्यांपासून भारतात स्थायिक झालेले. वडील डग्लस स्टुअर्ट अँडरसन पुण्यात लष्कराच्या लेखा खात्यात अधीक्षक होते, सैनिकांच्या वेतनाचे काम पाहत आणि त्यांना कॅप्टनची मानद पदवी होती. केनेथ यांचे शालेय शिक्षण बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत आणि पुढचे सेंट जोसेफ महाविद्यालयात झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांना एडिंबरा येथे पाठवण्यात आले होते. ते शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे टपाल व तार खात्यात आणि पुढे बंगळुरूच्या विमान कारखान्यात, म्हणजे आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, नियोजन विभागात व्यवस्थापक म्हणून त्यांनी नोकरी केली. संस्थानिकांच्या लवाजम्यात फिरणारे किंवा सरकारी दौऱ्यावर असणारे ते शिकारी नव्हते. आठवडाभर कार्यालयात बसणारा आणि रजा मिळताच स्टुडबेकर मोटार काढून जंगल गाठणारा तो नोकरदार माणूस होता. त्यांच्या शिकारकथांत रजा संपत आल्याची जी घाई वारंवार जाणवते, तिचे मूळ या नोकरीत आहे.

त्यांचे जंगल बंगळुरूपासून फार दूर नव्हते. होसूरच्या पुढे डेंकनिकोट्टई, जवळगिरी आणि अंचेट्टीचा पट्टा, चिन्नार ओढ्याचे खोरे, कावेरीकाठी होगेनक्कलची रानवाट. त्या काळी हा सारा मुलूख मद्रास इलाख्याच्या सेलम जिल्ह्यात मोडत असे. नीलगिरीच्या पायथ्याचे सेगूर, म्हैसूर संस्थानातील होसदुर्ग आणि होळलकेरे, आंध्रातील चामलाचे खोरे ही त्यांची इतर ठिकाणे. खुद्द बंगळुरूच्या वेशीवरच्या जालहळ्ळीतील बिबट्यावरही त्यांनी लिहिले आहे. तेथे आज कारखाने आणि वसाहती आहेत.

या रानांचे स्वरूप महत्त्वाचे आहे. ती दाट काटेरी झुडपांची, बांबूच्या बेटांची आणि खडकाळ ओढ्यांची राने आहेत. तेथे दोनशे मीटरवरचा वाघ दिसण्याचा प्रश्नच नसतो. मारलेल्या जनावराजवळ किंवा आमिषाजवळ रात्रभर बसायचे, रायफलीला बांधलेल्या विजेरीचा झोत टाकायचा आणि वीस-तीस मीटरवर, कधी त्याहूनही जवळ, क्षणार्धात चाप ओढायचा, अशी ती शिकार असे. .४०५ विंचेस्टर हे काडतूस अशाच कामाचे होते. ते १९०४ मध्ये बाजारात आले. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८९५ च्या नमुन्याच्या रायफलीसाठी ते तयार करण्यात आले होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांच्या सामानातही हीच रायफल होती. भारतातील ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली होती; .४०५ तिच्या कक्षेबाहेर राहिली.

या काडतुसाची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅम वजनाची. चोवीस इंची नळीतून ती सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग नळीच्या लांबीशी बांधलेला असतो. चाप ओढताच काडतुसातील दारू पेटून वायू तयार होतो आणि गोळी नळीत आहे तोवर तो तिला पुढे रेटत राहतो. नळी जितकी लांब, तितका हा रेटा जास्त वेळ मिळतो. पण गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागची जागा वाढते आणि दाब उतरत जातो. त्यामुळे सुरुवातीच्या इंचांत वेग झपाट्याने वाढतो आणि पुढच्या प्रत्येक इंचाला तो थोडाथोडाच वाढतो. रायफलीची नळी चोवीसऐवजी बावीस इंचांची केली तर वेगात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडेल. वीस मीटरवर उभ्या असलेल्या वाघाला तो कळणारही नाही. उलट अठ्ठावीस इंची नळी मचाणाच्या फांद्यांत अडकते, हे मचाणावर रात्र काढणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. चोवीस इंच हा या दोहोंमधला समंजस तोडगा होता. शिवाय तरफेने काडतूस बदलणाऱ्या या रायफलीच्या पेटीत चार काडतुसे मावत. दुनळी रायफलीत दोनच, आणि ती भारी किमतीची. पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरची.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाची गोष्ट मात्र वेगळी. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असणाऱ्या .४५५ वेब्लीची नळी चार ते सहा इंचांची आणि गोळीचा वेग सेकंदाला जेमतेम दोनशे मीटरच्या आसपास. तिची ऊर्जा .४०५ रायफलीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. १९३५ मध्ये अमेरिकेत .३५७ मॅग्नम आले आणि आखूड शस्त्रातूनही शिकार करता येईल अशी आशा निर्माण झाली. त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरची नळी पावणेनऊ इंचांची होती, हे विसरून चालत नाही. मॅग्नम काडतुसात दारूचा भार मोठा आणि ती सावकाश जळणारी असते. तिला पुरते जळायला नळी लांब लागते. तेच काडतूस चार इंची नळीतून झाडले की दारूचा काही भाग नळीबाहेर जळतो, भपकन ज्वाला उठते, आवाज कानठळ्या बसवतो आणि गोळीचा वेग मात्र लक्षणीय उतरतो. रात्रीच्या मचाणावर ती ज्वाला झाडणाऱ्याचेच डोळे दिपवते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या कोठ्या आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू निसटतो, तो तोटा वेगळाच. नळी आखूड तशा नेम धरायच्या दोन खुणाही जवळ येतात आणि हाताचा किंचितसा कंपही नेम चुकवायला पुरतो. अगदी लांब नळीच्या पहिल्या .३५७ मॅग्नमची ऊर्जासुद्धा अँडरसन यांच्या रायफलीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी होती.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तोच सर्वांत जास्त मोलाचा. शिकारीच्या मऊ टोकाच्या गोळीने शरीरात शिरल्यावर पसरावे, अशी तिची रचना असते. हे पसरणे ठराविक वेगापुढेच घडते. नळी आखडल्यामुळे वेग त्या मर्यादेखाली गेला, तर गोळी न पसरता बारीक भोक पाडून आरपार जाते किंवा स्नायूत रुतून बसते. जनावर पडत नाही, पळून जाते. वाघ-बिबट्यांच्या बाबतीत कथा तेथे संपत नाही. नरभक्षकाची कथा बहुधा तेथून सुरू होते.

अँडरसन यांच्या पुस्तकांत हा धागा पुन्हापुन्हा येतो. वाघ माणसाकडे का वळला, याचा शोध ते जनावर मारल्यावर त्याचे शरीर तपासून घेत. कधी पंजात साळिंदराचे काटे सापडत, कधी जुनी, चिघळलेली बंदुकीची जखम. खेड्यापाड्यांतल्या चोरट्या शिकाऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका असत. त्यांच्या नळ्या चांगल्या लांब, काही तर रायफलीहूनही लांब. मात्र आत पीळ नाही, काळी दारू भसकन जळून जाणारी, आणि गोळीऐवजी ठासलेले लोखंडाचे तुकडे. असे वाकडेतिकडे हलके तुकडे हवेतच वेग गमावतात आणि कातडीखाली उथळ रुततात. नळीची लांबी एकटी काही करत नाही. दारू, गोळीचे वजन आणि नळीतला पीळ यांच्या जोडीनेच तिला अर्थ येतो. लंगडा झालेला वाघ चपळ सांबराचा नाद सोडतो आणि गुराख्याच्या वाटेवर दबा धरतो. त्याची किंमत रानातली माणसे मोजत. गुम्मळापूरच्या बिबट्याने बेचाळीस जीव घेतल्याची नोंद अँडरसन यांनी केली आहे.

त्यांचा जंगलातला गुरूही अशाच ठासणीच्या बंदुकीचा मालक होता, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. चिन्नार ओढ्याच्या काठावर दरडीत खोदलेल्या बिळासारख्या निवाऱ्यात राहणारा बैरा हा पुजारी जमातीचा माणूस. सरकारी भाषेत चोरटा शिकारी. पाऊलखुणा वाचणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, वानराच्या खाकरण्यावरून बिबट्याची जागा ताडणे हे अँडरसन त्याच्याकडून शिकले आणि त्यांनी ते ऋण कधी लपवले नाही. पेन्नाग्रामचा रंगा हा त्यांचा दुसरा सोबती. साहेब आणि हरकामे असे ते नाते नव्हते. वसाहतकालीन शिकारकथांत स्थानिक माणूस बहुतेक वेळा निनावी राहतो. अँडरसन यांच्या पानांवर त्याला नाव, स्वभाव आणि हट्ट आहे. तमिळ आणि कन्नड बोलींतला त्यांचा वावर त्यामागे होता.

सरकारी नोंदींनुसार १९३९ ते १९६६ या काळात त्यांनी आठ नरभक्षक बिबटे आणि सात नरभक्षक वाघ मारले. प्रत्यक्षात हा आकडा बराच मोठा होता असे म्हटले जाते. त्याची शहानिशा होणे अवघड. त्यांच्या काही कथांतील रंग गडद आहेत, भुताखेतांचे प्रसंगही आहेत, आणि जिम कॉर्बेट यांच्या संयत लेखनाच्या शेजारी ते डोळ्यांत भरतात. कॉर्बेट यांच्या हातातली प्रसिद्ध .२७५ रिग्बी हलकी, वेगवान गोळी फेकणारी, कुमाऊँच्या उघड्या डोंगरउतारांना साजेशी होती. दोघांच्या शस्त्रांतला फरक हा दोन भूगोलांतला फरक होता. अँडरसन यांचे पहिले पुस्तक १९५४ मध्ये, म्हणजे कॉर्बेट यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात नऊ नरभक्षक आणि एका पिसाळलेल्या हत्तीच्या कथा होत्या. शिवानीपल्लीच्या काळ्या बिबट्याची कथा १९५९ च्या पुस्तकात आली.

त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले लेखन मात्र शिकारीचे नाहीच. म्हैसूरजवळच्या उसाच्या फडातून जाताना त्यांच्या एका सोबत्याने कारण नसताना अस्वलावर गोळी झाडली. मादी मेली आणि तिच्या अंगाला चिकटून विव्हळणारे पिल्लू अँडरसन यांनी घरी बंगळुरूला आणून पत्नीला दिले. ब्रुनो नावाच्या या अस्वलाने उंदरांसाठीचे बेरियम कार्बोनेट खाल्ले, मोटारीचे जुने तेलही गॅलनभर प्यायले, आणि तरीही ते वाचले. मोठे झाल्यावर त्याला म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात पाठवावे लागले; तेथे ते झुरू लागले तेव्हा परत आणून अंगणात चर खणून बेट करण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून ही कथा देशभरातल्या मुलांनी अनेक वर्षे वाचली. गोष्टीतली पहिली गोळी अनावश्यक होती, हे अँडरसन यांनी कोठेही झाकलेले नाही.

उतारवयात त्यांनी रायफल बाजूला ठेवून कॅमेरा घेतला. जंगलतोड, रात्री मोटारीच्या दिव्यांत जनावरे टिपणारे हौशी बंदूकधारी आणि विष घालून वाघ मारणे यांवर त्यांनी कठोर लिहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत कायदाही बदलला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच १९७२ मध्ये अँडरसन यांना पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले होते. ३० ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. जुन्या रानांच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे पुत्र डोनाल्ड हेही नामांकित शिकारी होते; ते २०१४ पर्यंत हयात होते आणि त्यांच्या आठवणींचे पुस्तक २०१८ मध्ये निघाले. अँडरसन यांच्या नावाने होसूर येथे निसर्गप्रेमींची संस्था काम करते, आणि त्यांच्या कथांतील कावेरीकाठच्या रानांचा मोठा भाग २०१४ आणि २०२२ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे.

अँडरसन यांचे दफन बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील दफनभूमीत झाले. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर त्यांची मोटार जवळगिरी आणि अंचेट्टीकडे निघे, ती याच रस्त्याने.