डार्विनच्या आजोबांशी संसदेत भिडला, पेटंट जिंकला अन् दिवाळखोर झाला..!

आपल्याकडे पंचमहाभूतं, पण जुन्या युरोपात महाभूतं चारच. पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी.  अठराव्या शतकात इंग्रज श्रीमंतांच्या दिवाणखान्यात या चौघांच्या चिनी मातीच्या मूर्ती मांडायची फॅशन होती. अग्नी म्हणजे भट्टीवर काम करणारा रोमन देव व्हल्कन.

अशा मूर्तींचा एक गाजलेला संच ब्रिस्टलच्या कारखान्यात घडला. तो कारखाना ज्याने चालवला, तो माणूस म्हणजे रिचर्ड चॅम्पियन.

जन्म १७४३ चा. घराणं व्यापाऱ्यांचं, पंथ क्वेकर. अमेरिकेशी व्यापार जोरात होता. पण चॅम्पियनला नाद लागला पोर्सिलेनचा.

त्या काळी बहुतेक इंग्रज कारखाने नरम, कमी तापमानाला भाजलेलं पोर्सिलेन करायचे. चीनसारखं कडक पोर्सिलेन करायचं तर केओलिन नावाची पांढरी माती लागते. विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्याला ती कॉर्नवॉलमध्ये सापडली आणि १७६८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. १७७४ मध्ये हे पेटंट चॅम्पियनकडे आलं.

पण काम सोपं नव्हतं. भट्टी प्रचंड तापवावी लागायची. त्या आचेत मूर्ती वाकायच्या, तडकायच्या. पैसा जळत होता आणि पेटंटची मुदत १७८२ मध्ये संपणार होती. म्हणून १७७५ मध्ये चॅम्पियन मुदतवाढ मागायला थेट संसदेत गेला.

तिथे आडवा आला जोसाया वेजवूड. स्टॅफर्डशायरचा बडा कुंभार, चार्ल्स डार्विनचा आजोबा. जमिनीतली माती एकट्याची मालकी कशी, हा त्याचा मुद्दा. चॅम्पियनच्या बाजूने उभा राहिला त्याचा मित्र एडमंड बर्क. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला तोच हा बर्क.

चॅम्पियनला १४ वर्षं वाढवून मिळाली. पण अर्धीच. अर्धपारदर्शक पोर्सिलेन त्याचं, बाकी भांड्यांसाठी ती माती सगळ्यांना खुली.

या लढाईत पैसा गेला. अमेरिकेतल्या युद्धाने व्यापार बुडवला. १७७८ मध्ये चॅम्पियन दिवाळखोर झाला. पुढच्याच वर्षी त्याची मुलगी एलायझा गेली. तिच्या आठवणीत त्याने पोर्सिलेनचीच एक मूर्ती घडवून घेतली. अस्थिकलशाशी शोक करणारी स्त्री. ही मूर्ती विकायला नव्हती.

१७८१ मध्ये त्याने पेटंट विकलं. घेणारे कोण? स्टॅफर्डशायरचेच कुंभार.

१७८२ मध्ये बर्कने त्याला सरकारी नोकरी दिली, पण तीही टिकली नाही. १७८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेत साउथ कॅरोलिनाला गेला आणि १७९१ मध्ये तिथेच वारला.

ब्रिस्टलचं पोर्सिलेन मोजकी वर्षंच बनलं. म्हणूनच आज ते दुर्मिळ आहे आणि संग्रहालयात काचेआड जपलं जातं. ज्या आगीने चॅम्पियनला कंगाल केलं, तिचीच मूर्ती घडवून तो मागे ठेवून गेला.