बूमचा बादशहा आणि आईच्या नावाचा मनोरा

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटन बंदराजवळच्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा धडाडल्या आणि तेथील यादवी युद्धाला तोंड फुटले. त्या तोफांनी हजारो मैलांवरच्या मुंबईचे नशीब पालटले. धडाका आणि बाजारातील अचानक तेजी या दोहोंसाठी इंग्रजीत 'बूम' हा एकच शब्द आहे. मुंबईने अनुभवलेल्या पहिल्या मोठ्या बूमचा चेहरा म्हणजे प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरतेत, एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. बालपणीच ते वडिलांबरोबर मुंबईत आले आणि येथेच इंग्रजी शिकले. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास ते एका दलालाकडे कामाला लागले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा देशी दलाल त्या काळी दुर्मीळच होता. युरोपीय पेढ्या आणि देशी व्यापारी या दोघांच्याही भाषेत बोलणाऱ्या या तरुणाला त्यामुळे झपाट्याने वर येता आले.

युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग साऱ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातील कापसाला कित्येक पट भाव मिळू लागला. गाद्या-उशांतील कापूसही काढून विलायतेला धाडला गेला, असे सांगतात. या चार-पाच वर्षांत मुंबईला सुमारे सात ते आठ कोटी पौंडांची जादा प्राप्ती झाल्याचा अंदाज आहे.

एवढा पैसा गुंतवायचा कोठे? बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. कोणत्या कंपनीचे किती शेअर कोणाला द्यायचे, हे पुष्कळदा प्रेमचंदांच्या शब्दावर ठरे. बँक ऑफ बॉम्बेच्या संचालकपदी त्यांची निवड झाली आणि बँकेची तिजोरी त्यांच्या शब्दाखातर उघडू लागली. केवळ शेअरच्या तारणावर, तर कधी नुसत्या भरवशावर कर्जे दिली गेली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. ही बातमी मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस होता. देणेकऱ्यांजवळ पैसा नव्हता आणि हातातील शेअरना गिऱ्हाईक नव्हते. मराठीत दिवाळे 'वाजते' म्हणतात; त्या वर्षी ते घरोघर वाजले. १८६६ मध्ये प्रेमचंदांचेही वाजले. बँक ऑफ बॉम्बेचे बहुतेक भांडवल बुडाले, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि तिच्या कारभाराची सरकारी चौकशीही झाली. त्या चौकशीत प्रेमचंदांना दिलेल्या कर्जांचा विषय टळणे शक्यच नव्हते.

गावोगावच्या शेतकऱ्यांची किंमत कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात दिसली नाही. तेजीच्या दिवसांत सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली होती. भाव पडल्यावर ती फिटेनात, त्यात सारावाढीची भर पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्या असंतोषाचे एक मूळ या बूममध्ये होते.

तरीही प्रेमचंदांचे नाव टिकले ते त्यांच्या दानामुळे. ऐन तेजीत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. वास्तुरचना गिल्बर्ट स्कॉट यांची. ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. १८६९ मध्ये सुरू झालेले हे काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी म्हणून हे घड्याळ उभारले, अशी आख्यायिका आहे. कोलकाता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले. तेथील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांत शिवचरित्रकार जदुनाथ सरकार यांचा समावेश होतो.

दिवाळ्यानंतर प्रेमचंदांनी पुन्हा दलालीच धरली. १८७५ मध्ये देशी शेअर दलालांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच संस्थेतून पुढे मुंबई शेअर बाजार आकाराला आला. १९०६ साली भायखळ्याच्या आपल्या बंगल्यात त्यांचे निधन झाले.

प्रेमचंदांना केवळ दानशूर म्हणणे बँकेच्या ठेवीदारांवर अन्यायाचे ठरेल, आणि केवळ सट्टेबाज म्हणणे त्या ग्रंथालयात शिकलेल्या पिढ्यांवर. बूमच्या काळात त्यांनी जे राखू पाहिले ते सारे बुडाले. जे देऊन टाकले, तेवढेच ओव्हल मैदानाकाठी आजही उभे आहे.