मोठ्या कुत्र्याला कमी का लागते? मॅक्स क्लायबर यांचे गणित

घरातल्या कुत्र्या-मांजराला रोज किती खायला घालायचे, हे बहुतेक घरांत अंदाजाने ठरते. पाच किलोच्या कुत्र्याला एक वाटी, तर चाळीस किलोच्या कुत्र्याला आठ वाट्या, असा हिशेब सरळ वाटतो. तो चुकीचा का, हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे मॅक्स क्लायबर.

क्लायबर यांचा जन्म १८९३ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकचा. तिथेच त्यांनी कृषी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२९ मध्ये ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुसंवर्धन विभागात दाखल झाले. जनावरांचा श्वास मोजून शरीर किती ऊर्जा खर्च करते ते काढणाऱ्या बंदिस्त खोल्या उभारणे, हे त्यांचे काम होते.

त्याआधी जर्मनीचे मॅक्स रुबनर यांनी १८८३ मध्ये लहान-मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करून, ऊर्जेचा खर्च वजनाच्या नव्हे तर त्वचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात होतो, असे मांडले होते. क्लायबर यांनी उंदीर, कबूतर, कोंबडी, कुत्रा, मेंढी, माणूस, गाय यांचे आकडे एकत्र तपासले. तेव्हा खर्च वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढतो, असे दिसले. हा निबंध १९३२ चा. रुबनर यांचे निधनही त्याच वर्षी झाले. क्लायबर यांचे ‘द फायर ऑफ लाइफ’ हे पुस्तक १९६१ मध्ये आले आणि १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पशुवैद्य आजही हेच गणित वापरतात. किलोमधले वजन त्याच संख्येने दोनदा गुणा, उत्तराचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. दहा किलोच्या कुत्र्यासाठी १०००, मग ३१.६, मग ५.६२ आणि शेवटी सुमारे ३९४ किलोकॅलरी येतात. ही झाली विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती साधारण १.६ ने, तर तशाच मांजरासाठी १.२ ने गुणतात.

याच हिशेबाने पाच किलोच्या कुत्र्याची विश्रांतीची गरज २३४ आणि चाळीस किलोच्या कुत्र्याची १११३ किलोकॅलरी येते. म्हणजे आठपट नव्हे, पावणेपाचपटच. आठपट वाढले, तर मोठा कुत्रा लठ्ठ होणारच. मग सांधे दुखतात. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोकाही वाढतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २४० किलोकॅलरी पुरतात. लाडाने दिलेल्या जादा १०० किलोकॅलरी तिच्यासाठी रोजच्या खाण्याच्या दोन पंचमांशांहून अधिक असतात.

सूत्राचे उत्तर ही फक्त सुरुवात असते. वय, हालचाल आणि आजार यांनुसार गरज बदलते. पिल्ले, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्यांना जास्त लागते. त्यामुळे दर महिन्याला वजन करून आहार कमी-जास्त करावा. लठ्ठ मांजराला मात्र एकदम उपाशी ठेवू नये. त्याने यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. तिचे वजन पशुवैद्याच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावे.