शिऊरची बहिणाबाई

औरंगाबाद शहरालगत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरालगत, बीबीचा मकबरा आहे. तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. औरंगजेब बादशहाची बेगम दिलरस बानू इ. स. १६५७ सालीं वारली, व तिच्या स्मरणार्थ ही इमारत उभी राहिली. पाहणारे थक्क होतात; परंतु त्या बेगमेच्या मनांत सुखदुःख काय होतें, हें त्या दगडांवरून कोणास कळत नाहीं. त्याच शतकांत, त्याच मुलखांत, एका कुळकर्ण्याच्या घरीं दुसरी एक स्त्री जन्मास आली. तिच्यासाठीं कोणा बादशहानें इमारत बांधिली नाहीं; पण तिनें आपलें चरित्र आपल्याच शब्दांनीं सांगून ठेविलें, व तें ग्रंथालयांत आजही वाचावयास मिळतें. ही स्त्री म्हणजे संत बहिणाबाई. खानदेशांतील कवयित्री बहिणाबाई चौधरी या निराळ्या, त्या इ. स. १९५१ सालीं वारल्या. आम्ही जिची गोष्ट सांगत आहों, ती त्यांच्या अडीचशें वर्षें आधींची.

बहिणाबाईचा जन्म इ. स. १६२८ सालीं वेरुळाजवळच्या देवगांवीं झाला. बापाचें नांव आऊजी कुळकर्णी, आईचें जानकी. ती तीन वर्षांची असतां शिऊरच्या गंगाधर पाठकांशीं तिचें लग्न लावण्यांत आलें. वर बिजवर असून तीस वर्षांचा होता. पुढें कर्जाचें व भाऊबंदकीचें संकट येऊन सर्व कुटुंबास गांव सोडावा लागला, तेव्हां बहिणाबाई नऊ वर्षांची होती. भिक्षा मागत, पंढरपूर व रहिमतपूर करीत हीं मंडळी कोल्हापुरास पोहोंचलीं, व एका ब्राह्मणाच्या आश्रयानें राहिलीं.

तेथें त्यांस एक गाय वांसरासह दान मिळाली. वांसराचा या मुलीवर असा लळा जडला कीं, ती पाण्यास जावो कीं कीर्तनास, तें तिच्या मागोमाग जाई. त्या दिवसांत जयरामस्वामींचें कीर्तन चालू होतें. एके रात्रीं गर्दींतून लोकांनीं वांसरूं बाहेर काढिलें, तेव्हां तें हंबरडा फोडूं लागलें. स्वामींनीं त्यास आंत आणविलें, आणि मुलीच्या व वांसराच्या मस्तकावर हात ठेविला. ही वार्ता गांवभर झाली. नवऱ्याच्या कानीं ती जातांच त्यानें संतापून बायकोचे केंस धरले व तिला बेदम मारिलें. कांहीं दिवसांनीं तें वांसरूंही मेलें. बहिणाबाई दुःखानें निचेष्टित पडली असतां, ज्यांचे अभंग तिनें कीर्तनांत ऐकले होते पण ज्यांस कधीं पाहिलें नव्हतें, त्या तुकारामबोवांनीं स्वप्नांत येऊन तिला मंत्र दिला, असें ती सांगते.

आतां घरांतील कलह वाढला. नवरा वेदपाठी ब्राह्मण. आणि तुकारामबोवा ज्या कुळांत जन्मले, त्यास ब्राह्मण शूद्र म्हणत. आपल्या बायकोनें शूद्रास गुरु करावें व लोकांनीं तिच्या दर्शनास यावें, हें त्याला असह्य झालें. गरोदर बायकोस टाकून तीर्थास निघून जाण्याचा त्यानें निश्चय केला. पण निघण्याच्या वेळींच तो दुखण्यानें अंथरुणास खिळला. ज्या बायकोस त्यानें मारिलें होतें, तीच उशापायथ्याशीं बसून राहिली. त्या दुखण्यांत त्याचें मन पालटलें, आणि बरा झाल्यावर तोच सर्वांस घेऊन देहूस गेला. तेथें तुकारामबोवांचें प्रत्यक्ष दर्शन घडलें. परंतु सुख तेथेंही नव्हतें. मंबाजी गोसावी त्यांस आपले शिष्य करूं पाहत होता. तें न साधतां त्यानें या कुटुंबाचा छळ मांडिला, व त्यांच्या मुक्या गाईसही मारिलें. पुढें काशीबाई ही कन्या व विठोबा हा पुत्र झाला, आणि अखेर बहिणाबाई शिऊरास येऊन राहिली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बहिणाबाईनें नवऱ्याचा मार झांकून ठेविला नाहीं, आणि त्याची निंदाही केली नाहीं. पतिसेवेवर तिचे पुष्कळ अभंग आहेत. आजच्या कित्येक भगिनींस ते पटणार नाहींत. पण ज्या शास्त्रांत स्त्रीस वेदांचा अधिकार नाहीं, त्या शास्त्रापुढें मीं स्त्रीदेहानें परमार्थ कसा साधावा, हाही प्रश्न तिनेंच उघडपणें विचारिला. वज्रसूची नांवाचें एक संस्कृत प्रकरण आहे. देहानें, जातीनें, विद्येनें, कीं कर्मानें, नेमका कशानें मनुष्य ब्राह्मण होतो, याची त्यांत तपासणी आहे. आणि ज्यास ब्रह्माचें ज्ञान झालें तोच ब्राह्मण, असा त्याचा निर्णय आहे. तें तिनें मराठी अभंगांत उतरविलें. शूद्रास गुरु केल्याबद्दल नवऱ्यास जो राग आला होता, त्याचें उत्तर तिनें असें दिलें.

इ. स. १७०० मध्यें, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, अंतकाळ जवळ आला हें ओळखून तिनें परगांवीं गेलेल्या विठोबास बोलावून घेतलें, व त्यास आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली. त्या जन्मांविषयीं कोणाचें मत कसेंही असो. मायलेकांचा तो शेवटचा संवाद वाचतांना मन गहिंवरून येतें. तिची समाधि शिऊरास आहे.

तिचे अभंग हस्तलिखित पोथ्यांतून पिढ्यानुपिढ्या जतन झाले. इ. स. १९१४ सालीं धोंडो विनायक उमरखाने यांनीं तिचा गाथा छापून प्रसिद्ध केला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं मुंबईस पुष्कळ वर्षें काम केलें होतें. मायदेशीं परतल्यावर, वृद्धपणीं, त्यांनीं या चरित्राचें व अभंगांचें इंग्रजी भाषांतर केलें, तें इ. स. १९२९ सालीं निघालें. अशा रीतीनें वैजापूर तालुक्यांतील एका खेड्यांतल्या बाईचे शब्द समुद्रापलीकडे पोहोंचले.

प्रिय वाचकहो, ज्या गांवांत आपण राहतों, तेथेंही अशा बाया होऊन गेल्या असतील. कोणी मार सोसला, कोणी जातीबाहेर पडून पुन्हां संसार उभा केला, कोणी दुष्काळांत दुसऱ्याचीं लेंकरें जगविलीं. त्यांचें कांहींच उरलें नाहीं, कारण त्यांस कोणीं विचारिलें नाहीं व कोणीं लिहून ठेविलें नाहीं. मातोश्रीस तिचे जन्म विचारणारा विठोबा होता, व पोथी जपणारे लोक होते, म्हणून बहिणाबाई उरली. तालुक्याच्या ग्रंथालयांत तिचा गाथा मागून वाचावा. आणि ज्यास लिहितां येतें, त्यानें आपल्या घरच्या म्हाताऱ्या आईपाशीं एखादे सायंकाळीं वही घेऊन बसावें, एवढीच आमची विनंति आहे.