सीएसएमटीच्या भिंतीवरचे नाना

आपल्याकडून मुंबईला जायचं म्हटलं की देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, जनशताब्दी नाहीतर आता वंदे भारत. गाडी कुठलीही पकडा, शेवटी उतरायचं सीएसएमटीला. उतरलं की आपण काय करतो? बॅग सांभाळायची आणि लोकलकडे पळायचं. मीही तीन-चार वेळा तेच केलं. फार तर बाहेर येऊन घुमटासकट एक सेल्फी.

पण महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने उभं राहून नीट वर बघितलं, तर दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले काही चेहरे दिसतात. ज्या कंपनीने हे स्टेशन बांधलं, त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी संबंधित हे दहा जण. आठ साहेब आणि दोनच भारतीय. एक जमशेटजी जीजीभॉय. दुसरे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजे नाना शंकरशेट. दहावीला संस्कृत घेतलेल्यांना हे नाव ‘शंकरशेट स्कॉलरशिप’मुळे माहीत असतं. बाकीच्यांसाठी ग्रँट रोडचा नाना चौक. रेल्वेशी त्यांचा काय संबंध, हे मला पत्रकारितेच्या पदवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं सराफी-व्यापारातलं, मुंबईत बस्तान बसलेलं. 1822 मध्ये वडील गेले. म्हणजे आपण एफवाय-एसवायला असतो त्या वयात या मुलाच्या हातात अफाट मालमत्ता आली. पैसा उडवायला मुंबई तेव्हाही कमी नव्हती. नाना शाळांच्या मागे लागले. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत शाळा काढणारी आणि पाठ्यपुस्तकं छापणारी संस्था उभी राहिली. तिच्या कामात ते शिरले आणि पुढची चाळीस वर्षं शिक्षणातून बाहेर पडले नाहीत.

इथे थोडं थांबते, कारण हा भाग आपल्या जवळचा आहे. 1840 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ नेमलं गेलं. त्यात तीन भारतीय, त्यांपैकी एक नाना. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं मत होतं की सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावर लागावा. नानांनी त्यांना उघड विरोध केला. इंग्रजीशी त्यांचं वैर नव्हतं. ते स्वतः इंग्रजीत कारभार करायचे. पण सामान्य माणसाच्या पोरापर्यंत शिक्षण न्यायचं तर ते त्याच्याच भाषेतून गेलं पाहिजे, यावर ते अडून बसले. मराठी शाळेतून येऊन कॉलेजच्या पहिल्या लेक्चरला शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्यांना हा वाद जुना वाटणार नाही. मुलींच्या शाळेसाठीही त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. हे साल 1849 च्या आसपासचं, म्हणजे पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव शाळा चालवत होते तोच काळ. असं करणाऱ्याला समाजात काय ऐकून घ्यावं लागत असेल, त्याची कल्पना करा.

आता रेल्वे. 1843 च्या सुमारास मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांच्या डोक्यात आलं की मुंबईहून कुर्ला, ठाण्यामार्गे घाटापर्यंत लोखंडी रस्ता न्यावा. व्यापाऱ्यांना ते लगेच पटलं, आणि त्याचं कारण होतं कापूस. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलगाड्यांवर, बैलांच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे घाट उतरत बंदरावर यायचा. वाटेत धूळ आणि पाऊस. पोचेपर्यंत मालाचा कचरा. 1846 मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक बुडालं आणि इंग्लंडच्या गिरणीवाल्यांनाही मुंबईमागचा मुलूख आठवला.

1845 मध्ये मुंबईत यासाठी समिती उभी राहिली, तेव्हा जमशेटजी आणि नाना तिच्यात होते. त्यांचं काम रूळ टाकण्याचं नव्हतं. वाफेवर धावणारी गाडी इथे कुणी पाहिलेलीच नव्हती. अशा वेळी शहरातल्या पैसेवाल्यांचा विश्वास बसायला आपलं माणूस पुढे लागतं. नानांची पत तिथे कामाला आली. गिरगावातल्या त्यांच्या वाड्यातच रेल्वेचं सुरुवातीचं ऑफिस होतं, असं सांगतात. 1849 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी रीतसर स्थापन झाली. भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी मिळाली. ही हमी भरून निघायची हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे धोका आपला आणि नफा बहुतेक लंडनचा. रेल्वेचं कौतुक करताना हे विसरू नये, असं मला वाटतं.

16 एप्रिल 1853. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे 14 डब्यांची गाडी निघाली. आत सुमारे 400 पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, निघताना 21 तोफांची सलामी. अंतर 34 किलोमीटर. आज तेवढ्यासाठी आपण लोकलच्या दारात लटकतो.

आणि याच माणसाने आदल्या वर्षी, ऑगस्ट 1852 मध्ये, ‘बॉम्बे असोसिएशन’ उभी करायला पुढाकार घेतला होता. कारभारात भारतीयांना वाटा द्या, असा अर्ज या संस्थेने थेट पार्लमेंटकडे धाडला. साहेबाच्या कंपनीत साहेबाच्या शेजारी बसायचं आणि साहेबाच्या सरकारविरुद्ध तक्रारही करायची, ही कसरत सोपी नव्हती. 1857 चा उठाव झाला तेव्हा बंडवाल्यांना आतून सामील असल्याचा संशय थेट नानांवर आला. चौकशी झाली, त्यातून ते निर्दोष सुटले. पण तीस-पस्तीस वर्षं ज्या सरकारसोबत काम केलं त्याने असं वागवल्यावर माणूस घरी बसला असता. नाना बसले नाहीत. 1862 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते सदस्य म्हणून गेले.

1865 च्या सुरुवातीला थळ घाटाचा, म्हणजे कसारा घाटाचा, मार्ग खुला झाला. आपली गाडी आजही तिथूनच खाली उतरते. त्याच वर्षी 31 जुलैला नाना गेले.

म्हणजे आपण जे सीएसएमटी बघतो ते त्यांनी कधीच बघितलं नाही. त्यांच्या काळात बोरीबंदरला साधं स्टेशन होतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने नव्या इमारतीचं काम सुरू केलं 1878 मध्ये, नानांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. दहा वर्षं काम चाललं, खर्च 16 लाखांच्या वर. त्यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. इमारतीला नाव मिळालं राणी व्हिक्टोरियाचं. 1996 मध्ये ते बदलून शिवाजी महाराजांचं झालं. 2004 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्या जालन्याला रूळ पोचायला एकोणिसावं शतक संपत आलं. तेही निजामाच्या रेल्वेचे, मीटरगेज. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या बाजारपेठेचा माल मुंबईला जायचा तर मनमाडला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायला लागायचा, आणि माणसांचीही तीच गत. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं तेव्हा कुठे डबा न बदलता सीएसएमटीला जाता यायला लागलं. आमच्या आजोबांच्या प्रत्येक मुंबईच्या गोष्टीत मनमाडची रात्र असायचीच.

नानांचं नाव मुंबई सेंट्रलला द्यावं, असा प्रस्ताव राज्य सरकारने मांडला. तिथल्या मेट्रो स्टेशनला ते आहेही. गंमत एवढीच की मुंबई सेंट्रल 1930 चं आणि वेगळ्याच कंपनीचं, बीबी अँड सीआय रेल्वेचं. नानांची रेल्वे ती नव्हे. त्यांचा चेहरा सीएसएमटीवर आणि नाव दुसऱ्या लाईनवर.

मागच्या खेपेला मी मुद्दाम लांबच्या प्लॅटफॉर्मवरून फिरून रस्त्याच्या बाजूला आले. मान मागे टाकून एकेक चेहरा बघितला. टोपीवाले, गालमिश्यावाले साहेब ओलांडत गेलं की पगडी दिसते. दोन मिनिटं बघत उभी राहिले, तेवढ्यात कुर्ल्याची लोकल गेली. पुढची चार मिनिटांनी होती.