गिअरला नकार देणारा माणूस : आंरी देग्रांज

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) : एकेकाळी मोठ्या हौसेने घेतलेली गिअरची सायकल अनेक घरांच्या अडगळीत गंजत पडलेली दिसते. तारा तुटलेल्या असतात, गिअर बदलणारा भाग वाकलेला असतो आणि सुटे भाग जवळपास सहजी मिळत नाहीत. अशा वेळी गिअर काढून टाकून ती सायकल ‘फिक्स’ करावी काय, असा विचार मनात येतो. फिक्स सायकलीत मागच्या चाकाला फ्रीव्हील नसते. दातेचक्र चाकाला पक्के जखडलेले असते. त्यामुळे चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते आणि उतारावरही पायांना विसावा मिळत नाही. गिअर हवा की नको, या प्रश्नाचे उत्तर एका फ्रेंच माणसाने शंभर वर्षांपूर्वी ठामपणे दिले आणि ते जवळजवळ आयुष्यभर इतरांवर लादले. जगप्रसिद्ध ‘टूर डी फ्रान्स’ शर्यतीचे जनक आंरी देग्रांज हे त्यांचे नाव.

देग्रांज यांचा जन्म ३१ जानेवारी १८६५ रोजी पॅरिस येथे झाला. तरुणपणी ते वकिलाच्या कचेरीत कारकून होते. उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवतात म्हणून त्यांना ती नोकरी गमवावी लागली, अशी आख्यायिका आहे. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले, तोही हाच काळ. फ्रीव्हीलचा प्रसार तेव्हा व्हायचा होता. चाकाबरोबर पाय फिरणे हाच सायकलीचा स्वभाव मानला जाई.

अशाच सायकलीवर ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ब्युफालो धावपट्टीवर देग्रांज यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. एका तासाच्या विक्रमांच्या यादीत हा पहिला अधिकृत विक्रम मानला जातो. पायांच्या बळावर आणि मनाच्या निग्रहावर मिळालेल्या या यशाने त्यांची पुढील सारी मते घडवली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९०० मध्ये ते एका नव्या क्रीडा दैनिकाचे संपादक झाले. पुढे ‘लोतो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या पत्राचा खप प्रतिस्पर्ध्यापुढे वाढेना. तेव्हा जो लफेव्र या तरुण सहकाऱ्याने साऱ्या फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचवली. १ जुलै १९०३ रोजी ६० स्पर्धक निघाले. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर पार करून त्यांतील केवळ २१ जण शेवटपर्यंत पोहोचले. मोरिस गारँ विजयी ठरला आणि दैनिकाचा खप दुपटीहून अधिक वाढला.

दरम्यान, सेंत-एतिएन शहरातील पॉल द व्हिव्ही हे गिअरचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. चढ आणि सपाटी यांना एकच दातेचक्र पुरत नाही, हे त्यांचे साधे म्हणणे होते. १९०२ मध्ये फ्रान्सच्या पर्यटन मंडळाने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची कसोटी घेतली. तीन गिअरच्या सायकलीवर बसलेल्या मार्थ एस या महिलेने एकाच गतीच्या सायकलीवरील एदुआर फिशर या नामांकित स्पर्धकाला मागे टाकले. पुराव्याने मत बदलावे, अशी ही घटना होती. देग्रांज यांनी मात्र आपल्या पत्रातून उलटाच निष्कर्ष काढला. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, तरुणाने स्नायूंच्या बळावरच जिंकावे आणि आपल्याला फिक्स सायकलच पुरे, असा त्यांच्या लिखाणाचा आशय होता.

या मताची किंमत स्पर्धकांनी मोजली. १९१० मध्ये शर्यत पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली, तर १९११ मध्ये आल्प्समधील अडीच हजार मीटरहून उंच गालिबिए घाटात. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे बसवलेली असत. चढ आला की खाली उतरायचे, चाक सोडवून उलटे बसवायचे आणि पुन्हा निघायचे. दुरुस्तीचा नियमही तितकाच कठोर होता. १९१३ मध्ये तूर्माले घाटात यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. दहा किलोमीटरहून अधिक पायपीट करून त्याने गावातील लोहाराच्या भट्टीत तो स्वतः जोडला. भाता हलवायला एका मुलाची मदत घेतली, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला.

देग्रांज स्वतःलाही सवलत देत नसत. पहिल्या महायुद्धात पन्नाशी उलटल्यावर ते साधे सैनिक म्हणून भरती झाले. १९१९ मध्ये त्यांनी आघाडीवीरासाठी पिवळी जर्सी आणली. त्यांचे दैनिकही पिवळ्याच कागदावर छापले जाई. मात्र १९३६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर शर्यतीसोबत निघालेल्या देग्रांज यांच्या शरीराने साथ सोडली. दुसऱ्याच टप्प्यानंतर त्यांना माघार घ्यावी लागली. सूत्रे झाक गोदे यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, मुख्य स्पर्धकांना गिअरची परवानगी मिळाली. १६ ऑगस्ट १९४० रोजी देग्रांज यांचे निधन झाले. गालिबिए घाटात १९४९ मध्ये उभारलेल्या त्यांच्या स्मारकाजवळून शर्यत जाते, तेव्हा साऱ्या सायकली गिअरच्याच असतात.

मग देग्रांज चुकले काय? धावपट्टीवर ते आजही बरोबर आहेत. २०२२ मध्ये फिलिपो गान्ना याने एका तासात ५६.७९२ किलोमीटरचा विक्रम केला, तो फिक्स सायकलीवरच. सपाट वाटेवर पायांची लय, हलके वजन आणि कमी बिघाड हे तिचे गुण खरेच आहेत. धावपट्टीचा न्याय घाटाला लावला, ही देग्रांज यांची चूक.

चकलांब्यातील अडगळीतल्या सायकलीचा निर्णयही याच विवेकाने घ्यावा लागेल. मागचे चाक बसण्याची खाच आडवी वा तिरकी असेल, तर चाक मागेपुढे सरकवून साखळी ताणता येते आणि बदल सोपा ठरतो. खाच उभी असेल तर खटाटोप वाढतो. पुढचा ब्रेक कोणत्याही परिस्थितीत ठेवलाच पाहिजे. रोजच्या वाटेवर चढउतार असतील किंवा मागे ओझे बांधायचे असेल, तर एकच फ्रीव्हील बसवून साधी सायकल करणे अधिक शहाणपणाचे. सपाट रस्त्यावर हौसेने रपेट करणाऱ्याने मात्र फिक्सचा अनुभव जरूर घ्यावा. घरातील दुसरे कोणी ती सायकल वापरणार असेल, तर त्याच्या पायांचाही विचार आधी व्हावा.