पाचोळ्याचे मोल जाणणारा साहेब

शिशिर सरत आला, की आमच्या सोसायटीतली बदामाची झाडे पाने ढाळू लागतात. पूर्वी ती झाडून कोपऱ्यात ढीग करायचा आणि संध्याकाळी काडी लावायची, असा रिवाज होता. धुराने आईचा दमा उसळे. आम्ही खिडक्या लावून घेत असू, एवढेच. ती गेल्यावर मी त्याच कोपऱ्यात खड्डा खणला आणि त्या निमित्ताने अल्बर्ट हॉवर्ड या माणसाची ओळख झाली.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडातल्या श्रॉपशायरमधल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकून १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. साहेबाने सांगायचे आणि रयतेने ऐकायचे, असा तो काळ. हॉवर्ड यांनी मात्र भोवतालच्या शेतकऱ्यांना गुरू मानले, पिकांवरच्या किडींनासुद्धा! कीड पडली, तर जमिनीचे काय बिनसले आहे ते शोधावे, अशी त्यांची दृष्टी. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या.

१९२४ साली होळकरांच्या इंदुरात त्यांची संस्था उभी राहिली. तिथे यशवंत वाड यांच्या साथीने त्यांनी खताची पद्धत बसवली. पालापाचोळा, तण, धसकटे गोळा करायची. कपाशीच्या कडक पळकाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. मग शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांच्यासह थर रचायचे, पाणी शिंपडायचे. ढिगाला हवा मिळावी म्हणून तो तीनदा उलटायचा. तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत तयार! उकिरडा आपल्याकडे पूर्वापार होता. त्याला शिस्त लावली ती या जोडीने.

१९३० साली गॅब्रिएल गेल्या. पंचवीस वर्षांची सोबत तुटली. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांच्या नावाने या पद्धतीचे पुस्तक निघाले आणि हॉवर्ड मायदेशी परतले. रासायनिक खतांचा बोलबाला वाढत असताना ते १९४७ साली मरेपर्यंत जमिनीचे देणे जमिनीला परत करा, हेच सांगत राहिले. इंदूरचे नाव त्या पद्धतीला जगभर चिकटले.

आमच्या खड्ड्यात गोठ्यावरून आणलेले थोडे शेण पडते, बाकी सारा पाचोळा. काही पाने तशीच कुंड्यांतल्या मातीवर अंथरतो. उन्हाळ्यात ओल टिकते. खत तयार झाले, की शेजारी आपापल्या टोपल्या घेऊन येतात. पैसे कुणी द्यायचे नाहीत, असे ठरले आहे. झाडे सगळ्यांची, मग त्यांच्या पानांची किंमत कोण कुणाकडून घेणार?

आता संध्याकाळी खिडक्या उघड्या असतात. आईच्या खिडकीखालच्या मोगऱ्याला पहिली टोपली मी घालतो.